बक्षीसपत्राचा सातवा मसुदा

चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवता बसवता त्याला पन्नाशीत कायद्याचं वेड लागलं. दिवसा दुकान, संध्याकाळी लॉ कॉलेज. मालमत्ता हस्तांतरण कायदा तर अंगात असा भिनला, की शेजाऱ्याला छत्री देतानाही 'ताबा देतोय, मालकी नाही' असं तो बजावायचा. दुकानात त्याला कलमबहाद्दर म्हणू लागले. त्याला तो सन्मान वाटला.

नवरा-बायको राहत होते त्या तीन खोल्या आत्याच्या. तिला मूलबाळ नव्हतं. "हातपाय चालताहेत तोवर खोल्या तुझ्या नावावर करून टाकते," ती म्हणाली. दुसरा कोणी असता तर त्याच दुपारी तिला गाडीत घालून नोंदणी कार्यालयात घेऊन गेला असता. पण दुसऱ्या कोणाकडे इतकं ज्ञान कुठलं? त्याने बक्षीसपत्र स्वतः लिहायला घेतलं.

पहिल्या मसुद्यात चतुःसीमा आल्या, दुसऱ्यात जिन्याखालची जागा, तिसऱ्यात त्या जागेवरून पुढेमागे होऊ शकणारे वाद. प्रत्येक मसुदा तो आत्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. सातव्याला ती वैतागली.

"अरे, खोल्या देतेय की राज्य?"

"आत्या, कच्चं काम केलं तर उद्या कोर्टात उभं राहावं लागेल."

"मला आजच उभं राहवत नाही. दिराचा मुलगा दोनदा येऊन गेलाय. तो नुसती सही मागतो, वाचून दाखवत नाही."

बायको मध्येच म्हणाली, "अहो, घर जाईल हातचं!"

"घाईच्या दस्तात दोष राहतो," असं म्हणून तो परीक्षेला गेला. पहिलाच प्रश्न बक्षीसपत्रावर. नोंदणी हवी, दोन साक्षीदार हवेत, देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने स्वीकारायला हवं. पुरवण्या जोडून जोडून त्याने लिहिलं.

घरी आला तर आत्या पाय पसरून चहा पीत होती.

"झालं बाबा काम. कार्यालयासमोरच्या टायपिस्टने दोन पानांत उरकलं."

"माझ्या सहीशिवाय?"

"तुझी कशाला? सूनबाईच्या नावावर केलं. घेतेस का विचारलं, घेते म्हणाली."

त्याने दस्त खिडकीपाशी नेऊन वाचला, पुन्हा वाचला. साक्षीदार दोन, सह्या जागच्या जागी, चतुःसीमा बरोबर. एक दोष सापडेल तर शपथ.

"मग या घरात मी कोण?" त्याने बायकोला विचारलं.

"राहा की," भांडी पुसत ती म्हणाली. "मी कुठे नको म्हणतेय?"

मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याला कायद्यात किती हक्क असतात, ते त्याला तोंडपाठ होतं. परवानगी कशी काढून घेतात, तेही. त्याने दुसरं फडकं उचललं.