उजव्या बोल्टवरची पिवळी रेघ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गणपतीत पत्ते कुटताना पोटातलं सगळं ओकणाऱ्या मित्रांनाही नाही. आणि मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे. घाटकोपरला आमच्या गॅरेजमध्ये गाडी घेऊन या, चहा येईपर्यंत तीन किस्से ऐकाल. मग हा एकच का राहिला? राहिला खरा. आज सांगतो. मान खाली घालून मात्र नाही — ती सवय माझ्या मानेला नाही.

आधी गाडी. साळवे मॅडमची. मुलुंडला राहतात, शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर आयुष्यातली पहिली गाडी घेतली, ती थेट इलेक्ट्रिक. आता या गाड्यांची गंमत ठाऊक आहे का? पेट्रोलच्या गाडीत इंजिनच एवढं बडबडतं की खालची दुखणी झाकून जातात. ही गाडी मुकी. शिवाय बॅटरीचं वजन. पुढच्या चाकाजवळ जरा काही सैल झालं, की थेट कानात. मॅडमच्या गाडीत स्पीडब्रेकरवर टक-टक वाजायचं. निदान सोपं होतं: पुढची चाकं धरून ठेवणारे खालचे आर्म, त्यांचे रबरी बुश फाटलेले. दोन्ही आर्म बदलायचे.

आता दिगंबर. दिगंबर परब, माझा भागीदार. तेव्हा भागीदारीला अठरा वर्षं झाली होती. मी बोलायचो, तो काम करायचा — झकास वाटणी! त्याचा एक नियम होता. आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळायचे नाहीत. गाडी उतरवायची, खड्ड्यावर घ्यायची, खाली शिरून तिथून आवळायचे. का? हवेत आवळलं, तर गाडी टेकल्यावर तिच्या वजनाने रबर पिळवटतं, धुतलेल्या चादरीसारखं. मग कुरकुरतं. मग फाटतं. "गाडी जमनीर येवंदे, मगे आवळ," हे मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेन! आणि त्याची एक खूण. अशा रीतीने आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर तो पिवळ्या मार्करने एक रेघ ओढायचा. रेघ म्हणजे दिगंबरची सही.

त्या दिवशी त्याने दोन्ही आर्म बसवले. डावी बाजू पुरी केली, रेघ ओढली. उजवीकडे आवळणं बाकी होतं, तेवढ्यात गावाहून फोन आला — आई पडली. तो बाहेर गेला. गाडी मी पुन्हा लिफ्टवर घेतली, खालून एकदा नजर फिरवायला. समोर मॅडम खुर्चीत. मी जुहूच्या एका वरातीचा किस्सा रंगवत होतो. नवरदेवाची गाडी वाळूत रुतली होती, आणि मॅडम पोट धरून हसत होत्या. हातात पाना होता. किस्सा ऐन रंगात. आता किस्सा सोडून, हे पोट घेऊन, त्या खड्ड्यात उतरू? मी हवेतच आवळले. दोन्ही बोल्ट. नवरदेव वाळूतून निघायच्या आत. हसण्याच्या नादात मी काय आवळतोय ते मॅडमना कळलंही नाही.

ही चूक. चुका होतात. पण कबुली या चुकीची नाही. थांबा.

आठ दिवसांनी मॅडम परत. टक-टक गेली होती, पण उजवीकडे आता कुईं-कुईं. मी खड्ड्यात उतरून आर्मला हात लावला, वरून मॅडमनी बॉनेट दाबलं. रबर पिळवटलेलं, हाताला कळलं. डावीकडे काही नाही. डाव्या बोल्टांवर पिवळी रेघ, उजवे कोरे.

"चूक कुणाची ते सांगा आधी," मॅडम वरून म्हणाल्या. "किस्सा नंतर."

गणिताच्या बाई त्या. त्यांच्या सोसायटीतल्या सगळ्या गाड्या माझ्या एका नावावर आमच्याकडे दुरुस्तीला येणार होत्या. आणि खरं सांगू? गाड्या गेल्या खड्ड्यात, त्या माझ्यावर हसतील ते मला नको होतं. माझ्या किश्श्यावर हसा, माझ्यावर नाही. तेवढ्यात गेटपाशी कुणीतरी रिक्षा आडवी लावली आणि मॅडम त्याला झापायला गेल्या. मार्कर तिथेच, दिगंबरच्या डब्यात.

मी उजव्या बोल्टांवर रेघ ओढली.

वाळायला दोन मिनिटं लागतात. मग मी दिगंबरला हाक मारली. मॅडमच्या देखत विचारलं, "काय रे, उजवीकडचे हवेत आवळलेस?"

त्याने खाली उतरून टॉर्च मारला. रेघेवरून बोट फिरवलं. तो वाद घालेल असं मला वाटलं होतं. माझं उत्तरही तयार होतं. तो म्हणाला, "माजीच रेघ ही. फोनाच्या गडबडीत झाला असतला." आणि मॅडमची माफी मागितली. त्याने.

मी बोल्ट ढिले केले, जमिनीवर पुन्हा आवळले. दहा मिनिटांत आवाज बंद. "जादूगार आहात," मॅडम म्हणाल्या. मी लवून मुजरा केला. हो, केला! आणि मजा आली.

महिन्याभरात दिगंबर गॅरेज सोडून गेला. एकेक बोल्ट तीनतीनदा तपासायला लागला होता, चाक चढवून परत काढायचा. "माजो हात आता भरवशाचो नाय रे," म्हणाला. मार्कर माझ्या हातात दिला. मी अडवलं नाही. एक वाक्य पुरलं असतं. मला, ज्याच्या तोंडाला कधी खीळ नसते, त्याला एक वाक्य!

आता तो वाकोल्याला स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसतो. मी आर्म घ्यायला जातो, तो खोका पुढे सरकवतो आणि दर वेळी विचारतो, "जमनीर आवळतंस मां?" मी दर वेळी म्हणतो, "होय रे." आणि खरोखर आवळतो. वर पिवळी रेघही ओढतो. गिऱ्हाइकांना ती माझी स्टाईल वाटते.

माफीबिफी मागत नाही. आई पडली त्याची, आणि हात भरवशाचा नव्हता माझा, असं काही रडगाणंही गात नाही. हे छापून आलं की अंक घेऊन वाकोल्याला जाणार आहे. काउंटरवर ठेवीन, हे पान उघडून. त्याला चष्मा लागतो, म्हणून इथे सुटं सुटं लिहितो:

दिगंबर, उजवी बाजू मी आवळली. रेघही मीच ओढली. तुझा हात चुकला नव्हता.