कढईच्या आत

मी घासलेल्या कढईत काका गोमूत्र शिंपडत होते. तुळशीच्या डहाळीनं, तोंडानं मंत्र पुटपुटत. मी गेले असं समजून. काथ्या आत विसरला म्हणून परत फिरले, नाहीतर जन्मभर कळलं नसतं.

सत्त्याण्णव साल असेल. पंचवटीतला आश्रम, कोठी या काकांकडे. कढई म्हणाल तर आत उतरायला शिडी लागायची. आत शिंकलं की शिंक तीन फेऱ्या मारून नाकात परत. आम्ही पेठच्या डोंगरातली माणसं, आमचं बोलणं निम्मं धरा. पण सात वर्षं दर गुरुवारी त्या कढईत उकिडवी बसून मी करपलेली खिचडी खरवडली, हे निम्मं करू नका.

फुकट. सेवा म्हणून. बाहेर भोंग्यावर महाराज सांगायचे, कर्म करा, फळाची आशा धरू नका. मला पटायचं. खरंच पटायचं. घासता घासता वाटायचं, देव आत माझ्याशेजारी बसलाय, त्याचेही हात काळे झालेत.

"काका, हे काय?"

काका दचकले. मग हसले. "अगं, पद्धत आहे. तुझी सेवा निष्काम ना? मग मनाला कशाला लावून घेतेस?"

"दर गुरुवारी?"

"पहिल्यापासून."

म्हणजे मी कढईतली खिचडी काढायची, आणि मग हे कढईतून मला काढायचे.

आठवडाभर पायाला भिंगरी. गोदेच्या काठानं इतकी चालले की घाटाच्या दोन पायऱ्या झिजल्या. देवाला विचारलं, तुझ्यावरही शिंपडलं का रे?

पुढच्या गुरुवारी पहिली पंगत उठली. दुसरीसाठी कढई हवी. मी काथ्या काकांच्या हातात दिला.

"आज तुमी उतरा."

"मी?"

"तुमच्यामागून शिंपडावं लागनार नाय. तेवढंच गोमूत्र वाचंल."

भाजी चिरणाऱ्या बाया खुदकन हसल्या. काका लालबुंद. "वेड लागलं का तुला? बाहेर पानं मांडलीत, लोक बसलेत!"

"बसू द्या. फळाची आशा धरू नका म्हनावं."

आणि मी निघाले.

सेवा सोडली नाही. गल्लीतल्या आजारी म्हातारीचं अंथरूण धुते, आजही फुकट. पण कुठंही काम झालं की चार पावलं जाते, थांबते, वळून बघते. माझा हात लागल्यावर जिथं काही शिंपडतात, तिथं देव स्वतः बोलवायला आला तरी मी जायची नाही. त्यानं आत उतरावं. काथ्या मी देईन.