खोडीची जागा

पस्तीस वर्षं मी पेण-रोह्याच्या हळदींमध्ये बेंजो वाजवला आणि एकदाही कुणी तो खाली बसून ऐकला नाही. बेंजो सुरू झाला की आमच्याकडे माणूस उठतो. ज्याला डॉक्टरने जिना चढायला मनाई केलीय तोही उठतो आणि दोन गाणी नाचून मग छातीला हात लावून बसतो. त्यामुळे रोह्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून नुसत्या वाद्यांचा कार्यक्रम करायचं ठरलं, तेव्हा माझी बायको म्हणाली, "बसतील काय? का बांधून ठेवणार?"

बसण्याचं मला फारसं वाटत नव्हतं. त्यांना गप्प कसं बसवायचं, ही खरी अडचण होती.

कार्यक्रम वहिनींच्या गाण्यांचा होता. वहिनी म्हणजे माझ्या ढोलकीवाल्या दोस्ताची बायको, राहायला वरश्याला. धरमतरच्या खाडीपासून रोह्याच्या पलीकडेपर्यंत त्यांच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. आणि गाणी तरी कसली! शेजारच्या मुसलमान घरातल्या शादीत ऐकलेली कव्वालीची चाल उचलायची आणि त्यावर जिताडा माशाच्या कालवणासाठी सासुरवाडीला मुक्काम ठोकणारा जावई बसवायचा. मी नोकरीला होतो त्या कंपनीच्या दवाखान्यात एक मल्याळी नर्स होती. ती बाळाला झोपवताना जे गुणगुणायची, त्या चालीवर वहिनींनी मिशीवाल्या नवरदेवाला आईच्या मांडीवर झोपवलं होतं. रेवदंड्याकडच्या ख्रिस्ती बँडची एक चाल होती, तिच्यावर विहीणबाईंचं पायताण हरवलं होतं. नर्स स्वतः एका हळदीला आली, आपली अंगाई ओळखून आधी दचकली आणि मग आमच्या बायकांत घुसून नाचली.

पण माणसं गाण्यापेक्षा खोडीसाठी यायची. प्रत्येक कडव्यानंतर वहिनी हात वर करत. सगळी वाद्यं थांबायची, ढोलकी तेवढी हळू चालू राहायची आणि त्या मोकळ्या जागेत वहिनी मांडवातल्या कुणाची तरी खोडी काढायच्या. वरमाई, मामा, आमदाराचा माणूस, कुणी सुटत नसे. त्या जागेला आम्ही वाजवणारे खोडीची जागाच म्हणायचो.

माझी खोडी निघाली ती मी कंपनीत नवा होतो तेव्हा. बेंजोच्या नादात दोन खाडे झाले होते आणि बायकोने बेंजो माळ्यावर टाकायला लावला होता. मी तिला सांगितलं, आज सेकंड शिफ्ट. आणि माळ्यावरून बेंजो काढून गेलो थेट हळदीला. आता बायकोने सकाळी सांगितलं होतं म्हणे, की मैत्रिणीच्या भावाची हळद आहे आणि ती जाणार आहे. मी ऐकलं नव्हतं. नवरे ऐकत नाहीत, हे नवरा झाल्यावरच कळतं. मांडवात ती समोर बसलेली, मी खाली मान घालून वाजवतोय. वहिनींनी दोघांना पाहिलं आणि हात वर केला.

"शिफ्ट सुटली का हो भावजी?"

बायका आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या बायकोकडे. मग मागून कुणीतरी ओरडलं, "नाय सुटली!" झालं. तिथून पुढे प्रत्येक हळदीला हा प्रश्न आणि सगळ्या मांडवाचं हे उत्तर. मुलं जन्मली, मोठी झाली, त्यांच्याही लग्नात हेच. मी कंपनीतून रिटायर झालो, पण शिफ्ट काही सुटली नाही. मला वहिनींचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. मी इतकं जीव तोडून वाजवायचो आणि लोकांच्या लक्षात काय, तर सेकंड शिफ्ट.

दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्यांनी ढोलकी माळ्यावर टाकायला लावली. बाहेर कुठे डीजेवर त्यांचंच गाणं लागलं की खिडकी बंद. दोस्त मला म्हणाला, "जेवते खाते, सगला करते. पन हसत नाय रे. एवढी वर्षं जगाला हसवला, आन आता घरात मानूस हाय का नाय ते कलत नाय."

म्हणून हा कार्यक्रम. वहिनींना पहिल्या रांगेत बसवायचं आणि त्यांची गाणी त्यांना ऐकवायची. मी विचारायला गेलो, तर त्यांनी नातवाची पाटी ओढली आणि लिहिलं : 'कुणी गायचं नाय. गायलं की मी उठले.' माझ्या नाकासमोर पाटी धरून ठेवली, मी मान हलवेपर्यंत.

आमच्या लोकांना ही गाणी पाठ. ती चालू झाल्यावर तोंड मिटून बसवायचं म्हणजे कोंबड्यांना शाळेत घालण्यासारखं होतं. उपाय बायकोने काढला. गुळाची चिक्की, तीही पाक जरा जास्त ओढलेली. हॉलच्या दारात प्रत्येकाच्या हातावर दोन तुकडे ठेवायचे. तोंडात मूग धरवणार नाहीत, चिक्की तरी धरतील.

तालमी रामवाडीला माझ्याकडे झाल्या. हायवेवरचे ट्रक मधेमधे न विचारता सूर लावायचे. बेंजो मी, क्लॅरोनेट रेवदंड्याच्या बँडमधला एक जण, ढोलकी दोस्ताची. ती त्याने कशीबशी माळ्यावरून काढली होती. कव्वाली आम्ही संथ केली, अंगाई क्लॅरोनेटवर दिली. प्रश्न खोडीच्या जागेचा आला. दोस्त म्हणाला, "ती जागा तिची हाय. मोकली ठेवा." मी म्हटलं, गायचंच नाही तर मोकळी ठेवून लोकांनी काय माझं तोंड बघायचं? तिथे मी बेंजो वाजवतो. त्याने ढोलकीच्या कड्या ओढायला घेतल्या. मनातलं सांगायचं तर मला वाटत होतं, इतकी वर्षं त्या जागेत माझी लाज निघाली, आता एकदा माझं कौतुक निघू दे.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. दारात चिक्की वाटली गेली आणि पाहता पाहता सगळ्यांचे जबडे जड झाले. दुसऱ्या रांगेत एका आजोबांची कवळी तुकड्यासकट बाहेर आली, ती हातात धरून ते शांत बसले. वहिनी आल्या. गळ्याला स्कार्फ, मांडीवर पाटी.

पहिलं गाणं जावयाचं. पहिलं कडवं संपलं, खोडीची जागा आली आणि मी सुटलो. काय बोटं चालली माझी! वरून खाली, खालून वर, पस्तीस वर्षांचं सगळं ओतलं. संपवून मोठ्या आशेने वर बघितलं. कुणी हललं नव्हतं. लोक माझ्याकडे बघतच नव्हते, ते वहिनींकडे बघत होते. आणि वहिनी मांडीवरच्या कोऱ्या पाटीकडे बघत होत्या. पुढच्या दोन जागांतही मी तेच केलं, कारण मला दुसरं काही सुचेना. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, पण सत्कारात पडतात तशा. बायको तिसऱ्या रांगेतून डोळे वटारून हाताने खूण करत होती : पुरे.

वहिनींनी पाटी उचलून काखेत धरली. या बाईंनी उठून जायची तयारी केलीय, हे मला दिसलं. गायलं कुणीच नव्हतं. तरी त्यांच्या गाण्यात आता त्यांना पाय ठेवायला जागा नव्हती, कारण तिथे मी बसलो होतो. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती, त्या पहिल्या सेकंड शिफ्टलासुद्धा नाही.

दुसरं गाणं अंगाईचं. क्लॅरोनेटने नवरदेवाला झोपवलं. कडवं संपलं आणि मी बेंजोवरून हात उचलून मांडीवर ठेवला. नुसती ढोलकी. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज. काहीच झालं नाही. दुसरं कडवं, पुन्हा हात मांडीवर. खुर्च्या करकरल्या, माणसं पुढे सरकून बसली. तिसऱ्या कडव्यानंतर जागा आली तेव्हा दोस्ताने आवर्तन संपू दिलं नाही. पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणखी एकदा धरलं. तो वहिनींकडे बघत वाजवत होता आणि त्याची मान बारीक हलत होती, चल गो, म्हटल्यासारखी.

वहिनींनी हात वर केला.

तो हात सगळ्या हॉलवरून फिरला. वरमाया, मामे, कवळीवाले आजोबा, सगळे जीव मुठीत धरून बसले. मग तो खाली आला आणि बोट माझ्यावर थांबलं. दुसऱ्या हाताच्या मनगटावर, घड्याळ बांधतो तिथे, वहिनींनी दोनदा टिचकी मारली.

"नाय सुटली!"

अख्खा हॉल ओरडला, चिक्कीसकट. कवळीवाले आजोबा कवळी हातात नाचवत ओरडले. माझी बायको सगळ्यांत मोठ्याने. आणि वहिनी हसल्या. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. दोस्ताचा ठेका चुकला. इतक्या वर्षांत त्याचा ठेका चुकलेला मी ऐकला नव्हता. आणि ज्या प्रश्नावर मी जन्मभर दातओठ खाल्ले, त्याचीच मी दोन वर्षं वाट बघत होतो, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तिसऱ्या गाण्यात वहिनींनी खोडीच्या एकाही जागेत कुणाला सोडलं नाही. बोट त्या दाखवायच्या, पुढचं हॉल बोलायचा.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं, पाटी घेतली आणि लिहायला लागल्या. मला वाटलं, आभार वगैरे असतील, म्हणून मी आधीच 'राहू द्या हो वहिनी' म्हणून टाकलं. त्यांनी पाटी फिरवली.

'पहिल्या गाण्यात जास्तीचं वाजवलंत. त्याचा ओव्हरटाइम मिळणार नाय.'