मी किरकोळ ठरवलेली चूक

भाचीच्या रक्ततपासणीचा कागद ताईने माझ्यापुढे धरला तेव्हा मी पोह्यांचा तिसरा घास घेत होतो. तो घास नंतर किती वेळ तोंडातच राहिला, मला आठवत नाही.

पंधरा वर्षं गोंदियात कॉम्प्युटरचे क्लास चालवून केस पिकायला लागले, तेव्हा नागपूरच्या एका लहानशा कंपनीने मला घरबसल्या काम दिलं. त्यांचं सॉफ्टवेअर वापरून बघायचं आणि चुका शोधायच्या. आयुष्यभर माझ्याच चुका निघत आलेल्या, त्यामुळे काम फार आवडलं. सोबत त्यांनी चुकांच्या प्रकारांची यादी पाठवली होती. आकडेमोडीच्या चुका, माहिती साठवतानाच्या, जागा रिकामी राहिली तर होणाऱ्या, दिसण्यातल्या, अशी दोन पानं. एकेक प्रकार डोळ्यांपुढे ठेवून शोधायचं, म्हणजे काही सुटत नाही. सापडली की चूक तिच्या खान्यात टाकायची, आणि खान्यावरून ठरतं ती कधी दुरुस्त होणार. ही यादी मी फ्रिजवर चिकटवली आणि घरच्यांचा जीव नकोसा केला. वरणात मीठ कमी पडलं की विचारायचो, "ही राहून गेलेली चूक, की मोजण्यातली?"

"लग्नातली," बायको म्हणायची. "ती तुमच्या यादीत नाही."

ताई गोंदियाजवळच्या गोरेगावची. त्या दिवशी सकाळच्या एसटीने भाचीला घेऊन आली ती उड्या मारतच. बिरसीकडच्या एका मुलाशी जुळत आलं होतं. आमच्याकडे आता पत्रिकेच्या आधी सिकलसेलचा कागद मागतात, कारण रक्ताचा हा आजार इकडच्या कितीतरी घरांत आहे. मुलगा वाहक होता. म्हणजे स्वतः धडधाकट, पण बायकोही वाहक निघाली तर लेकरांना आजार होऊ शकतो. त्याने हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. भाचीचा कागद निगेटिव्ह आला तसे सगळे निर्धास्त झाले. ताईने तर येता येता मी, मामाने, लग्नात खांद्यावर घालायचा दुपट्टाही आणला होता.

"चुका काढाचा पगार घेतं न तू?" ती म्हणाली. "मंग हा कागद पाय. एक तरी काढून दाखव."

मी ऐटीत चष्मा लावला. कागदाची मांडणी ओळखीची निघाली. वर निळी रेघ, खाली जरा डावीकडे सरकलेला 'निकाल'. लॅबच्या कागदांसाठीचं, मीच तपासलेलं सॉफ्टवेअर! फुशारकी मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात 'नमुना तपासल्याची वेळ' या ओळीवर नजर गेली. पुढे काहीच नव्हतं.

मी कागद खिडकीशी नेऊन ती ओळ परत वाचली.

सात-आठ महिन्यांपूर्वी मी लिहिलं होतं, नवीन नोंद उघडली की काही न भरताच निकालाच्या चौकटीत निगेटिव्ह येऊन बसतं. सापडली होती मला. यादीत तिचा हक्काचा खाना होता, रिकाम्या जागेच्या चुकांचा. पण त्या खान्यात टाकलं की लांबलचक खुलासा लिहावा लागतो, आणि त्या दिवशी घरात पाहुण्यांसाठी वडे तळणं चालू होतं. वास येत होता. पडद्यावरचीच तर गोष्ट आहे, असं स्वतःला पटवून मी ती दिसण्यातल्या चुकांत ढकलली. त्या खान्यातलं सगळं कंपनी पुढच्या वर्षावर टाकते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग वडे खाल्ले. सात.

"काऊन तोंड पडलं रे तुयं?" ताई म्हणाली.

मी भाचीकडे वळलो. "बाळा, सिकलचं रक्त काढलं होतं न?"

"बोटातून काढलं मामाजी, हिमोग्लोबिनसाठी. सिकलचं सामान संपलं होतं. बाद में बुलाएंगे, म्हणाले लॅबवाले. मग दोन दिवसांनी मोबाईलवर रिपोर्टच आला. मला वाटलं, त्याच रक्तात पाहिलं असेल."

मग बोलू लागलो तर खान्यांपासून सुरुवात केली, क्लासची खोड. बायकोने तोडलं. "सरळ सांगा न, तपासलंच नाही म्हणून. आणि तुम्हाला माहीत होतं म्हणून."

ताईने बशी खाली ठेवली. "तुले दिसलं होतं?"

मी मान हलवली. ती कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिली, जसं काही मला आजच पाहून राहिली.

तिथूनच कंपनीत फोन लावला. वेळ न भरलेले सगळे कागद शोधा, त्या लोकांना परत बोलवा, असं काहीतरी मी ओरडत होतो. पलीकडे माझ्या निम्म्या वयाचा मॅनेजर. "सर, आपने ही तो इसको मामूली लिखा था," तो हळूच म्हणाला. असे किती कागद लोकांच्या घरी गेले, ते त्यालाही सांगता येईना.

भाचीची तपासणी सरकारी दवाखान्यात नव्याने केली. तोवर दोघी आमच्याकडेच राहिल्या, आणि चार दिवसांनी कागद आला. वाहक. यावेळी वेळ भरलेली होती. मी तीनदा बघितली.

तिने आमच्या अंगणातूनच मुलाला फोन केला. बराच वेळ बोलली. आत आली तेव्हा डोळे कोरडे होते.

"आम्ही दोघांनीही नाही म्हटलं. त्याच्या बहिणीला हा आजार आहे. हाडं दुखली की पोरगी कळवळते म्हणे. लेकराचं तसं पाहवणार नाही, म्हणाला."

मग तिनेच विचारलं, "मामाजी, बाकीच्या कागदांचं काय झालं?"

"शोधून राहिले."

"तुम्ही बी शोधा न."

मी पिशवीतला दुपट्टा काढून ताईपुढे ठेवला. ठेवून घेण्याचं तोंड नव्हतं. तिने तो उचलला, परत घडी घातली आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"राहू दे. लगन त होईनच तिचं, तवा घालशीन," ती म्हणाली. "आता बस इथं. अन् उघड ते मशीन."