पाचव्या डावाचा आवाज

आर्णीच्या बसस्टँडमागे, चपलांच्या दुकानाला लागून एक पत्र्याची टपरी आहे. बाहेर पाटी, 'निशी व्हिडिओ मिक्सिंग'. आत दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि निशिगंधा. लग्नाचं शूटिंग कापणं-जोडणं, जुन्या कॅसेटी आणि सीड्या पेनड्राइव्हवर उतरवून देणं हा तिचा धंदा. तालुक्यात तिच्या कानाचा दरारा आहे. पडद्यावर ओठ हलले आणि शब्द जरासा जरी मागून आला, की भातात खडा लागावा तसा तिचा चेहरा होतो. गिऱ्हाईक काकुळतीला येऊन म्हणतं, "ताई, राहू द्या नं, कोण पाहून राह्यलं एवढं?" त्यावर ती म्हणते, "मी पाहून राह्यली नं!" आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

हा कान तिला देवाने दिलेला नाही. नवऱ्यावरच्या रागातून तो तिने स्वतः कमावला आहे.

निशिगंधा मूळची पांढरकवड्याची. लग्न होऊन नयनच्या घरी आर्णीला आली, तेव्हा नयनचे बबनकाका अमेरिकेहून आले होते आणि सोबत एक नवलाचा कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याला म्हणे चारी बाजूंनी ऐकू यायचं. समोरचा आवाज वेगळा, डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा, पाठीमागे कोणी कुजबुजलं तर तेही वेगळं. काकांनी त्या कॅमेऱ्याने सगळं लग्न टिपलं आणि दुसऱ्या दिवशी अंगठीचा खेळही टिपला.

हा खेळ आपल्याकडे घरोघर होतो. पितळी परातीत हळदी-कुंकवाचं पाणी, त्यात सुपारी, हळकुंड, नाणं आणि अंगठी. नवरा-नवरीने एकेक हात घालून अंगठी शोधायची. डाव पाच. जो जिंकेल त्याचंच घरात चालणार, असं सगळे हसत म्हणतात आणि जेवणं होईपर्यंत विसरूनही जातात. नयन विसरला नाही, तिथेच सगळा घोळ झाला.

त्या दिवशी दोन-दोन झाले होते. पाचव्या डावाला पाण्यात अशी झटापट झाली की हळद भिंतीपर्यंत उडाली. निशिगंधाच्या बोटांना अंगठी लागली, तिने ती गच्च धरली आणि ओरडली, "सापडली!" तिकडे नयनही ओरडला. हात बाहेर आले तेव्हा दोघांचेही रिकामे. अंगठी पाण्यात निसटली असणार. पण आधी सापडली ती आपल्यालाच, याबद्दल निशिगंधाच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. काही बोलायच्या आत सासूबाईंनी, म्हणजे तानाबाईंनी, परात उचलली. "झालं झालं, उठा, पंगत बसली."

बबनकाकांनी परत जाताना नागपूरच्या कुठल्याशा दुकानातून त्या शूटिंगची सीडी करवून घेतली. अमेरिकेतला कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं काढतो, आपल्याकडचा टीव्ही पंचवीस दाखवायचा. तिसाची पंचवीस करायची तर मधली चित्रं अशी बेताने गाळावी लागतात की चाल बदलता कामा नये आणि आवाज जिथल्या तिथे राहिला पाहिजे. दुकानदाराने चित्रं गाळली, पण आवाज मागे राहिला. शिवाय चारी बाजूंचे आवाज एकत्र कालवले, त्यात निशिगंधाचा आवाज बुडाला. त्या सीडीत भटजी तोंड मिटतात आणि मग 'सावधान' ऐकू येतं. आणि पाचव्या डावाला निशिगंधाचा हात मांडीवर गेलेला, नयनचा हात ऐटीत वर, नेमकी तेव्हाच त्याची आरोळी येते, "सापडली!"

झालं! नयनच्या हाती कोलीत मिळालं. स्कूटीचा रंग कोणता घ्यायचा, दिवाळीला माहेरी कधी जायचं, पाहुण्यांना वांग्याची भाजी करायची की पिठलं, कुठलाही वाद रंगात आला की हा पठ्ठ्या शांतपणे विचारायचा, "अंगठी कोणाले सापडली?"

"आवाज मागून येऊन राह्यला त्या सीडीत!" निशिगंधा कडाडायची.

"हारलेला माणूस असंच म्हणते."

मग निशिगंधा यवतमाळला एका स्टुडिओत जाऊन हे काम शिकली. लोक पोटासाठी धंदा शिकतात, ही बाई भांडणासाठी शिकली. धंदा चालला, नाव झालं, फक्त ते मूळ शूटिंग काही हाती लागेना. बबनकाका दर वेळी फोनवर म्हणायचे, "शोधतो, शोधतो."

आणि मग खोलीचा प्रश्न आला. घराची पुढची खोली, रस्त्याला लागून, जाड भिंतींची. पूर्वी सासरे भगवानराव तिच्यात कापूस भरायचे. आता कापूस शेतातून थेट सरकी काढायला जिनिंगच्या कारखान्यात जातो, म्हणून खोली रिकामी झाली. नयनला तिथे बियाण्याचं आणि खताचं दुकान टाकायचं होतं. निशिगंधाला तिथे स्टुडिओ हवा होता. टपरीत पाच स्पीकर मांडायलाही जागा नाही; मागचा एक तिने खिळ्याला टांगला होता, तो वाजला की पलीकडे चपला हलायच्या. या खोलीसाठी ती जीव टाकत होती. रात्रंदिवस तिच्या डोळ्यांपुढे त्या भिंती होत्या.

भगवानराव म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा." नयन म्हणाला, "ठरवाचं काय त्याच्यात? अंगठी..."

"थांबा!" निशिगंधा उभीच राहिली. "काकांचं मूळ शूटिंग आणवते. आवाज जागेवर बसवते. मंग पाह्यू कोणाले सापडली ते. ज्याची अंगठी, त्याची खोली. मंजूर?"

"मंजूर. पण मी बाजूले बसन. तू आवाज सरकवून घेशीन."

हे तिला असं झोंबलं की तिने त्याच्याशी अबोला धरला. पण मनातल्या मनात तिलाही ठाऊक होतं की एवढासा आवाज पुढे-मागे करणं हा तिच्या हातचा मळ आहे, आणि ते अख्ख्या तालुक्यात कोणाच्या बापाला कळलं नसतं.

खोलीची गोष्ट कानावर गेली तशी काकांना ते शूटिंग लगेच सापडलं. त्यांनी ते पाठवलं, पण अतिउत्साहात एक उद्योग करून ठेवला होता. चित्र वेगळं काढलं आणि आवाजाचे पाच भाग वेगळे. शिवाय कॅमेरा जिथे जिथे बंद करून चालू केला होता, तिथे तिथे, अंगठीच्या खेळात तर प्रत्येक डावागणिक, आवाज थोडा सरकला होता. म्हणजे प्रत्येक तुकडा नव्याने बसवायचा. तरी निशिगंधा हरखून गेली.

पहिल्याच दिवशी ती फजीत झाली. हात इतके शिवशिवत होते की तिने तिसाचं शूटिंग चित्रं न गाळता तसंच पंचवीसच्या चालीवर लावलं. झालं काय, चित्र रेंगाळायला लागलं आणि आवाज पुढे पळाला. निशिगंधाच्या इंदूआत्या मजेत लाडू खात होत्या आणि त्यांचा पाठवणीचा हंबरडा ऐकू येत होता. भगवानरावांची शिंक आधी ऐकू आली आणि मग, बऱ्याच वेळाने, शिंक येईल अशा बेताने त्यांनी तोंड वर केलं. नयन खुर्चीवरून पडायचा बाकी होता. "हे तुह्यं शास्त्र?" निशिगंधालाही हसू आवरेना, आणि इतक्या दिवसांचा अबोला तिथेच सुटला.

मग तिने नीट हात घातला. चित्रं बेताने गाळली, लग्नाची चाल जशीच्या तशी ठेवली. लग्नातले तुकडे सोपे होते. सगळ्यांच्या टाळ्या दिसतात आणि ऐकूही येतात. टाळीवर टाळी बसली की काम झालं. अंगठीच्या खेळात टाळी कुठली? पण निशिगंधाला खूण सापडली. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला तानाबाई अंगठी परातीत टाकायच्या आणि ती पितळेवर आपटायची, टण्ण! अंगठी पाण्यात शिरताना दिसते, त्याच ठिकाणी टण्ण आणून ठेवायचं. पहिला डाव बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला तर डावीकडून तिच्या बांगड्या वाजल्या, उजवीकडून नयन फुशारक्या मारायला लागला आणि मागच्या स्पीकरमधून भगवानराव खोकले. चौथाही बसला. दोन-दोन.

"लाव आता पाचवा," नयन म्हणाला. त्याने पाय वर घेतले होते.

निशिगंधाने पाचव्या डावाचं टण्ण शोधलं. सापडलं नाही. समोरच्या भागात शोधलं, डाव्या-उजव्या भागात शोधलं, मागचे आवाज एकेकटे लावून पाहिले. बांगड्या होत्या, खोकला होता, बाहेर कुत्रं भुंकत होतं तेही होतं. टण्ण तेवढं नव्हतं.

"तूच उडवलं अशीन," नयन म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता. तो बाजूलाच बसला होता आणि तिने काही सरकवलेलं त्याला दिसलं नव्हतं.

तिने चित्र हळूहळू पुढे नेलं. तानाबाईंचा हात परातीवर आला. थांबला. बोटं उघडली नाहीत. मिटलेली मूठ तशीच मागे गेली आणि पदराआड दिसेनाशी झाली.

 मग नयनने स्कूटीची किल्ली उचलली. "आणतो मायले."

तानाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्या हातानेच आल्या. सुनेच्या टपरीत त्या पहिल्यांदाच शिरत होत्या. निशिगंधाने त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं आणि खेळ लावला. परातीतलं पाणी समोर खळबळलं, डावीकडे बांगड्या वाजल्या आणि पाठीमागे खोकला आला. तानाबाई गर्रकन मागे वळल्या.

"तुम्ही कवा आले हो?"

मागे स्पीकर होता. भगवानराव घरी होते. निशिगंधाने तोंडात पदर कोंबला.

"आई, पाचव्या बारीले अंगठी टाकलीच नाही तुम्ही," ती म्हणाली.

तानाबाईंनी पडद्यावरची आपली मूठ पाहिली आणि त्या जे हसत सुटल्या ते थांबेचनात. डोळे पुसले, पुन्हा हसल्या.

"नाही टाकली! दोन-दोन झालते. टाकली असती तं कोणी तरी हारलंच असतं. सून घरात येऊन एक दिवस नाही झाला, तिले कायले हारवाव? अन् हा हारला असता तं तोंड फुगवून बसला असता. म्हणलं, शोधून शोधून थकले की सांगीन, बरोबरी झाली. तं तुम्ही दोघंबी एकदमच ओरडले, सापडली! मले हसू आवरे ना. परात घेऊन पळालीच मी!"

"मंग इतके वर्षं बोलली काहून नाही?" नयन जवळजवळ रडकुंडीला आला होता.

"तुम्ही एवढ्या जोरात भांडून राह्यलते, मले वाटलं राहू द्या, भांडाले काही तरी लागतेच." त्यांनी पदर सावरला. "पण मले एक सांग. अंगठी कोणाच्या हातात होती?"

"तुह्या."

"मंग घरात कोणाचं चालन?"

नयनचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याचंच हत्यार, तेही आईने उगारलेलं. तानाबाईंनी तिथेच निकाल देऊन टाकला. खोलीत निशीचे हे डबे लागतील, कारण आपले यजमान खोकल्यासकट चारी बाजूंनी ऐकू येतात असली करमणूक त्यांनी आजवर पाहिली नव्हती. मधोमध त्यांची स्वतःची बाज राहील. आणि नयनने बियाण्याचं दुकान या टपरीत टाकावं, बसस्टँड जवळ आहे, खेड्यावरून येणाऱ्या शेतकऱ्यांना बरं पडेल. नयन लगेच नजरेने टपरी मापायला लागला. मुद्दा खरा होता.

तानाबाई बाहेर चपला बघायला गेल्या. निशिगंधाला नाचावंसं वाटत होतं. खोली तिची झाली होती! पण पाचवा डाव अजून बसायचा होता, आणि काम अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नाही. शिवाय एक गोष्ट टोचत होती.

"पण माह्या हाताले अंगठी लागली होती," ती म्हणाली. "खरंच लागली होती. मी खोटी नाही ओरडली."

"मलेबी लागली होती," नयन म्हणाला. "शप्पथ."

टण्ण नव्हतं, म्हणून तिने तोंडं धरली. डावीकडच्या आवाजात तिची आरोळी, उजवीकडच्या आवाजात त्याची. ओठ उघडण्याच्या जागी दोन्ही आणून ठेवल्या. दोन्ही एकाच क्षणाला बसल्या, केसभर मागे-पुढे नाही. मग त्या जागी चित्र थांबवून तिने मोठं केलं.

हळदीच्या पाण्यातून दोघांचे हात नुकते वर येत होते, अजून सुटले नव्हते. तिच्या बोटांनी त्याची साखरपुड्याची अंगठी बोटासकट गच्च धरली होती. त्याच्या बोटांनी तिची.

 निशिगंधाला हसावं की रडावं कळेना, आणि मग ती दोन्ही करू लागली. इतकी वर्षं आपण खरं बोलत होतो, आणि हा मेलाही खरंच बोलत होता! तिला इतका आनंद झाला की तिने त्याच्या दंडावर फटका मारला.

नयन पडद्याजवळ वाकून बघत होता.  मग त्याने नेहमीच्या सवयीने सुरुवात केली, "अंगठी कोणाले..." आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

"बोला नं," ती म्हणाली.

त्याने तिचा माउसवरचा हात धरला, अंगठीच्या बोटासकट, आणि निशिगंधाने दुसऱ्या हाताने फाईल सेव्ह केली.