घासलेल्या कॅसेटचा सूर

पुतणीच्या बँडची तालीम ऐकायला दुपारी गेलो होतो. गाणं त्यांचं स्वतःचं, पण गिटारचा खरखरीत आवाज, आरोळ्या, वाढवलेले केस, सगळं माझ्या कॉलेजच्या काळातलं. कडव्याच्या मध्येच सगळ्यांचा सूर एकदम खाली ओघळला आणि परत वर आला. मला वाटलं, चुकले.

"चुकलो नाही, काका," पुतणी म्हणाली. "तुम्ही दिलेल्या त्या जुन्या कॅसेटमध्ये सूर असाच घसरतो. आम्हाला तीच जागा सगळ्यात आवडते."

ती कॅसेट मीच वाजवून वाजवून घासली होती. टेप तिथं ओढली जायची. मूळ गाणाऱ्यांनी तो सूर कधी लावलाच नव्हता. हसू यायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. नक्कल करता करता पोरांनी झीजही उचलली होती, आणि त्यांच्या गाण्यात तेवढीच जागा नवी होती.

घरी बायकोला हे सांगताना मी वाक्याच्या मध्येच थांबलो. नेहमीच थांबतो. माझे वडील असेच थांबायचे. त्यांना दमा होता. मला नाही.

"पुढं बोला ना," ती म्हणाली.

न थांबता बोलून पाहावं, असं मनात आलं. पण तो आवाज कुणाचा निघेल, या भीतीनं मी गप्पच राहिलो.