परत आलेली पाळी

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी विस्कटली. कधी वीस दिवसांनी यायची, कधी दोन महिने यायचीच नाही. नगरच्या कचेरीत बातम्या तपासताना गळ्यापासून कानापर्यंत गरम वाफ चढायची आणि पंख्याखालीही पाठ भिजायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा पाळी जाण्याआधीचा काळ, काही वर्षं चालतो. सलग बारा महिने आली नाही, की ती गेली असं धरायचं. "त्यानंतर नुसता डाग दिसला, तरी ती पाळी नव्हे. तपासायला यायचं." मी ते लिहून घेतलं.

थोरल्या जाऊबाई नेवाशाजवळ शेतावर राहतात. त्यांची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या घरात अजूनही पाळीच्या दिवसांत बाई बाजूला बसते. त्यामुळे पापड, लोणची, कुरडया सगळं जाऊबाईंच्याच हाती आलं होतं.

एप्रिलमध्ये मी कुरडयांना गेले. चुलीवर गव्हाचा चीक शिजत होता आणि जाऊबाई ओसरीच्या टोकाला चटईवर बसल्या होत्या.

"आक्का, सोऱ्या कोण धरणार?" मी त्यांना विचारलं.

"तूच धर. मला अडचण हाय."

त्यांची सून हसली. "आत्याबाई परत तरण्या झाल्या, काकू."

"व्हय, दीर आणते तुला. चीक हलव आधी, करपंल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं आणि मी चटईवर जाऊन बसले.

"अगं, शिवू नको."

"कधीपासून येतंय हे?"

"मधी मधी. संक्रांतीपासून."

"सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय? अंगात रगत हाय म्हनून येतंय."

संक्रांतीला मी तिथेच होते. हळदीकुंकू सुनेने लावलं होतं, जाऊबाई आत बसून होत्या. मी ते पाहिलं होतं. बाजूला बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. मीही विचारलं नाही.

"उद्या नगरला चला."

"कुरडया वाळू दे."

"त्या सून बघेल."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "लई वाईट हाय का?"

"माहीत नाही. तपासल्यावर कळेल."

सोनोग्राफी झाली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला. पिशवी काढली. आजार बाहेर पसरलेला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं; तरी दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं होतं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सून त्यांची वेणी घालत होती. जाऊबाईंनी मान न वळवता विचारलं, "तुझी वेळेवर येती का गं?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि सासूने हे कधी विचारलं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, अंगावरनं लई जातं."

जाऊबाईंनी मला हाक मारली. "तिचा बी नंबर लाव."